तीन तासांत २० मिली

रात्रपाळी होती. पुरुषांचा सर्जरी वॉर्ड, ३२ खाटा, आम्ही दोन सिस्टर आणि एक मदतनीस मुलगी. तिला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. पहाटे पाचला ती माझ्यापाशी आली नि म्हणाली, "सिस्टर, चौदा नंबरच्या आजोबांची युरोबॅग दोन वाजता रिकामी केली होती. आता तिच्यात फक्त २० मिली आहे. नळी कुठे दुमडलेली नाही, मी पाहिलं."

हातातलं काम टाकून मी चौदा नंबरला गेले. आजोबांचं आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालं होतं. हात गार, कपाळावर घाम, नाडी १२०, ब्लडप्रेशर उतरलेलं, पोट ताठ. डॉक्टरांना बोलावलं. पोटात आतल्या आत रक्तस्राव होत होता. सातच्या आत आजोबा पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होते आणि बाराव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेले.

त्या मुलीच्या वाक्याकडे नीट पाहा. कोण, केव्हापासून, किती, आणि सांगायला येण्याआधी तिने स्वतः काय तपासलं, हे सगळं त्यात होतं. "आजोबा बरे दिसत नाहीत" एवढंच ती म्हणाली असती, तरी मी गेले असते. पण आधी पाचची इंजेक्शनं संपवून गेले असते. मोठ्या माणसाला कॅथेटर असेल, तर तासाला साधारण ३० मिलीपेक्षा कमी लघवी होणं ही सांगण्याजोगी गोष्ट आहे, एवढी एकच माहिती तिच्यापाशी होती. ती वेळेवर कामी आली.

मदतनीस म्हणून नव्याने लागणाऱ्यांसाठी हे प्रकरण आहे. रुग्णालयात सर्वांत जास्त वेळ रुग्णाजवळ कोण असतं? डॉक्टर राउंडला येतात नि जातात, सिस्टरच्या अंगावर तीस-चाळीस पेशंट असतात. अंग पुसणं, चादर बदलणं, बेडपॅन देणं, भरवणं, कूस बदलणं ही सगळी कामं तुमची, म्हणून रुग्णाच्या अंगाचा बदल पहिल्यांदा तुमच्याच नजरेला पडतो. तो योग्य माणसाला, योग्य शब्दांत सांगता यावा यासाठी तीन गोष्टी ठाऊक हव्यात: आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, आणि इथली भाषा काय आहे.

महाराष्ट्रातली सरकारी आरोग्यव्यवस्था उतरंडीसारखी आहे. खाली उपकेंद्रं. मैदानी भागात ५,००० लोकवस्तीमागे एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० मागे एक, असं प्रमाण ठरलेलं आहे. उपकेंद्राची जबाबदारी आरोग्यसेविकेकडे, म्हणजे एएनएमकडे. गाव तिला नर्सबाई म्हणतं. तिच्या जोडीला गावातलीच आशाताई. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र: ३०,००० लोकांमागे एक, आदिवासी भागात २०,००० मागे, बहुधा सहा खाटांचं. तिथे वैद्यकीय अधिकारी असतो. इथपर्यंतचा कारभार जिल्हा परिषदेचा. त्यापुढचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि लोक ज्याला नुसतं 'सिव्हिल' म्हणतात ते जिल्हा रुग्णालय, हे सारं जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखाली येतं. सर्वांत वर वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं: पुण्याचं ससून, मुंबईचं जे. जे., नागपूरचं मेडिकल. मुंबईत केईएम, सायन, नायर ही महापालिकेची, त्यांचा कारभार वेगळा.

हे सगळं मदतनिसाने का लक्षात ठेवायचं? कारण पेशंट 'रेफर' होतो, म्हणजे खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर पाठवला जातो, तेव्हा पुष्कळदा तुम्हीच त्याची ट्रॉली १०८ च्या रुग्णवाहिकेपर्यंत नेता. पेशंट गेला आणि रेफरची चिठ्ठी टेबलावरच राहिली, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. पुढच्या दवाखान्याला कोणतं इंजेक्शन कधी दिलं ते कळत नाही आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ट्रॉली हलवण्याआधी चिठ्ठी, एक्स-रे आणि बरोबरचा नातेवाईक, तिन्ही आहेत का ते बघा.

खासगीत गेलात तर 'नर्सिंग होम' हा शब्द भेटेल. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचं छोटं खासगी रुग्णालय, बाळंतपणं आणि ऑपरेशनं होतात ते. अमेरिकेतल्या पुस्तकांत हाच शब्द म्हाताऱ्या, परावलंबी माणसांना कायम ठेवून घेणाऱ्या संस्थेसाठी येतो. मदतनिसांच्या प्रशिक्षणाची बरीच पुस्तकं तिकडून आलेली असल्यामुळे मुली या एका शब्दाने गोंधळतात. तिकडे 'नर्सिंग होम'मध्ये जे काम चालतं, त्यातलं बरंचसं आपल्याकडे घरोघरी चालतं. पक्षाघात झालेले आजोबा, खुब्याचं हाड मोडलेल्या आजी, आणि घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली बाई. ब्युरोमार्फत घरी जाणार असाल, तर तिथे तुमच्यामागे टेबलावर सिस्टर नसते, एवढं ध्यानात ठेवा. म्हणून साधी शंभर पानी वही ठेवा. किती वाजता काय खाल्लं, लघवी-संडास किती वेळा, ताप किती, कूस कधी बदलली. डॉक्टर फोनवर विचारतील तेव्हा आठवणीवर बोलू नका, वहीत बघून बोला.

आणखी एक जागा आहे, तिच्याविषयी फार थोडं बोललं जातं. बरा होणार नाही अशा कर्करोगाच्या रुग्णाला अखेरपर्यंत वेदनेविना सांभाळणारं घर. त्याला हॉस्पिस म्हणतात. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. तिथे औषधं असतातच, पण तोंड आणि ओठ ओले ठेवणं, हात हातात धरून बसणं हीच उपचाराची मोठी बाजू. ज्यांना हे काम जमतं, त्यांनी ते जरूर करावं. त्याला फार मोठं मन लागतं.

आता माणसं. पेशंट आणि नातेवाईक पांढऱ्या कपड्यातल्या प्रत्येक बाईला 'सिस्टर' म्हणतात. तुम्हालाही म्हणतील. ऐकायला बरं वाटतं, पण तिथल्या तिथे सांगा, "मी मदतनीस आहे, सिस्टरना बोलावते." कारण सिस्टर होण्यामागे शिक्षण आणि नोंदणी आहे. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय ती इंजेक्शनला हात लावू शकत नाही. सरकारी कागदावर वॉर्डातली सिस्टर ही 'अधिपरिचारिका'. वॉर्डची इन्चार्ज ती 'परिसेविका'. सगळ्या रुग्णालयाच्या नर्सिंगची प्रमुख मेट्रन, म्हणजे 'अधिसेविका'. पुरुष असेल तर ब्रदर.

तुमचं स्वतःचं नाव जागेप्रमाणे बदलतं. सरकारीत कक्षसेवक किंवा आया, खासगीत वॉर्डबॉय, नव्या अभ्यासक्रमातून आलात तर जीडीए, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही वॉर्डात हाक ऐकू येते ती "मावशी!" आणि "मामा!" या नात्याची. वीस वर्षांच्या मुलीलाही साठीचे आजोबा मावशी म्हणतात. ही हाक मला फार मोलाची वाटते. आजारी माणूस लाज सोडून बेडपॅन मागतो, तो घरातल्या माणसाकडे मागावा तसा. तुम्हीही त्याला 'चौदा नंबर' म्हणू नका. आजोबा, काका, ताई, वहिनी म्हणा. सिस्टरला सांगताना मात्र खाटेचा नंबर आणि पूर्ण नाव दोन्ही सांगा, कारण एका वॉर्डात दोन पाटीलकाका असतातच.

डॉक्टरांतही पायऱ्या आहेत. मोठ्या रुग्णालयात इंटर्न, त्यावर रेसिडेंट, त्यावर युनिटचे मोठे डॉक्टर. तुम्ही मात्र तुमची गोष्ट सिस्टरला सांगायची, डॉक्टरांशी बोलणं सिस्टरचं. राउंडमध्ये डॉक्टरांनी तुम्हालाच काही विचारलं तर पाहिलेलं तेवढं सांगा. पैशांची अडचण घेऊन नातेवाईक आले तर त्यांना समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवा, किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राकडे. हा रस्ता दाखवल्यामुळे एखाद्याचं मंगळसूत्र गहाण पडायचं वाचतं.

भाषेकडे येऊ. केसपेपरवरची अक्षरं पहिल्या दिवशी गूढ वाटतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागलं तर, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. यातली बरीचशी लॅटिनमधून आलेली आहेत. औषध देणं तुमचं काम नाही, पण स्टॅट ऐकल्यावर पाय उचलायचे एवढं कळायला हवं. तुमच्या रोजच्या कामाचे शब्द दुसरे आहेत. आरटी म्हणजे नाकातून जठरापर्यंत गेलेली नळी. ती असलेल्या माणसाला फीड चालू असताना आणि त्यानंतर काही वेळ आडवं करायचं नाही, डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जातं. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, तिला जोडलेली ती युरोबॅग. बॅग नेहमी कमरेच्या खालच्या पातळीवर टांगायची, पण जमिनीवर टेकू द्यायची नाही. ट्रॉलीवर घेताना बॅग पेशंटच्या पोटावर ठेवण्याची सवय सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. साठलेली लघवी परत आत जाते आणि जंतू घेऊन जाते.

सर्वांत महत्त्वाचे तीन अक्षरी शब्द दोन: एनबीएम आणि एमएलसी.

एनबीएम म्हणजे तोंडाने काही नाही. पाणीसुद्धा नाही, चहासुद्धा नाही. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं हवं, कारण भूल दिल्यावर गिळण्याची आणि खोकण्याची ताकद जाते आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत शिरतं. माणूस यात दगावतो. आणि आपल्याकडे सकाळी चहा न देणं म्हणजे क्रूरपणा वाटतो. एका वॉर्डात सुनेने सासऱ्यांना "फक्त दोन घोट" चहा आणि त्यात बुडवून बिस्किट दिलं. तिचा हेतू मायेचाच होता. खाटेला पाटी होती, पण तिला ती तीन इंग्रजी अक्षरं वाचता आली नाहीत. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. तेव्हापासून मी मुलींना सांगत आले, पाटी लावून थांबू नका, जवळच्या माणसाला मराठीत सांगा, कारण सांगा, आणि बाजूचा पाण्याचा तांब्या उचलून ठेवा.

एमएलसी म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस: अपघात, मारामारी, भाजणं, विषबाधा. अशा पेशंटचे रक्ताने माखलेले कपडे कापून काढावे लागतात आणि स्वच्छतेची सवय असलेला हात ते कचऱ्यात टाकायला जातो. टाकू नका, धुऊ तर मुळीच नका. तो पुरावा आहे. सिस्टरच्या ताब्यात द्या.

चार्टवर टीपीआर लिहिलेलं असतं: ताप, नाडी, श्वास. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, तोंडातला ताप ९८.६ फॅरनहाइटच्या आसपास. काखेत घेतला तर साधारण एक अंश कमी. यातला श्वास सगळ्यात दुर्लक्षित. पुष्कळ चार्टांवर प्रत्येक पेशंटचा श्वास सकाळ-संध्याकाळ २० लिहिलेला सापडतो. ते मोजलेलं नसतं. मोजायचं कसं? पेशंटला सांगायचं नाही, नाहीतर त्याचा श्वास बदलतो. नाडीवरचं बोट तसंच ठेवायचं आणि नजर छातीकडे न्यायची. पूर्ण एक मिनिट. बिघडणाऱ्या माणसाचा श्वास अनेकदा बाकी सगळ्याच्या आधी वाढतो.

श्वास मोजण्याने काय होतं, हे गडचिरोलीने जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने फारसं न शिकलेल्या गावातल्या बायांना बाळाचा श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना साठपर्यंत आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधं श्वासमापक बनवलं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर धोका. या बाया न्यूमोनिया ओळखू लागल्या. पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचं त्यांचं काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथल्या बाईला मणी सरकवून जे जमलं, ते हातात घड्याळ असणाऱ्या आपल्याला न जमायला कारण नाही.

आणि आता बेडसोअर. दाबजखम हा मराठी शब्द चांगला आहे, कारण तो कारणच सांगतो. माणूस हलू शकत नाही, हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, डोक्याची मागची बाजू या जागा रोज अंग पुसताना पाहायच्या. पुस्तकात लिहिलेलं असतं की पहिली खूण लालसर डाग, बोटाने दाबला तर पांढरा न होणारा. पण ते वर्णन गोऱ्या कातडीचं आहे. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. कधी जागा नुसती जास्त काळपट किंवा जांभळट दिसते. म्हणून हाताने बघायचं. उजव्या टाचेला हात लावा, मग डाव्या. एक जास्त गरम लागते? टणक झाली? की पिकल्या फळासारखी भुसभुशीत? फरक जाणवला की तीच खूण. जखम दिसायच्या आधीचा दिवस तुमच्या हाती लागला आहे.

दर दोन तासांनी कूस बदला. बदलताना पेशंटला ओढू नका. अंगाखालच्या ड्रॉशीटला, म्हणजे आडव्या घातलेल्या चादरीला, दोघींनी दोन बाजूंनी धरून उचला. ओढलं की कातडी सोलते. चादरीची चुणी आणि ताटातून सांडलेला भाकरीचा कणसुद्धा रात्रभरात कातडीवर उमटतो. टाचा उशीवर टेकवू नका, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. पूर्वी आम्ही स्पिरिट आणि पावडर लावून लाल झालेली जागा चोळत असू, खाली रबरी रिंग देत असू. दोन्ही आता चुकीचं मानतात. चोळल्याने आतली कातडी आणखी फाटते आणि रिंगेच्या कडेने रक्त अडतं. ज्या सिस्टर अजून तसं करायला सांगतील त्यांच्याशी वाद घालू नका, पण इन्चार्जना नम्रपणे विचारा.

केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या पुढची ४२ वर्षं, २०१५ मध्ये जाईपर्यंत, तिथल्याच एका खाटेवर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं तेव्हा इतक्या वर्षांनंतरही अंगावर एकही बेडसोअर नव्हता, जुन्या भरलेल्या बेडसोअरची खूणही नव्हती. पिढ्या बदलल्या, सिस्टर निवृत्त झाल्या, मावश्या बदलल्या, पण कूस बदलणं चुकलं नाही. आपल्या कामाचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

कचऱ्याच्या रंगांचं थोडक्यात. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस-पट्टी पिवळ्या पिशवीत. नळ्या, सलाइनच्या प्लास्टिक बाटल्या, युरोबॅग, हातमोजे लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या आणि औषधाच्या काचकुप्या निळ्यात. सुया आणि ब्लेड भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. सुईला टोपण परत लावायचं नाही. चादरीत विसरलेली सुई हा मदतनिसाचा खरा शत्रू आहे, म्हणून चादर गोळा करताना कवेत घेऊन छातीशी धरू नका.

सुई टोचलीच, तर पिळू नका, बोट तोंडात घालू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच क्षणी सिस्टरला सांगा. पुष्कळ मुली रागावतील म्हणून, नोकरी जाईल म्हणून गप्प राहतात. एचआयव्हीचा धोका टाळणारी औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करावी लागतात, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करून उपयोग नसतो. तुम्ही दुसऱ्याचं दुखणं सांगायला या कामाला आला आहात. स्वतःला सुई टोचली तर तेही तितक्याच स्पष्ट सांगा: किती वाजता, कोणाची सुई, कुठे टोचली.